शेवटच्या खांबाआधी

मी कवळ्या बनवते. सव्वीस वर्षं तेच काम. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांचे ठसे येतात, त्यांवरून मी आधी मेणात आणि मग पक्के दात बसवते, आणि ज्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत अशी माणसं माझ्या दातांनी टोस्ट खातात. या कामात माणसाचे हात एक तर फार चांगले होतात किंवा फार हट्टी. माझे दोन्ही झाले. मी एखादी वस्तू पकडली की ती सुटत नाही. बरण्यांची झाकणं उघडून घ्यायला शेजारीपाजारी माझ्याकडे येतात.

याच हातांनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी एक घोडा धरला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

घोडा रेसचा होता. चौदा वेळा धावला, त्यात एकदा तिसरा आला, बाकी वेळा कितवा आला हे कुणी सांगेना. सहा वर्षांचा झाल्यावर मालकाने त्याला काढून टाकलं. शर्यतीतलं त्याचं नाव राजेरजवाड्यांना लाजवेल एवढं लांबलचक होतं, पण तबेल्यात त्याला सगळे वकील म्हणायचे, कारण त्याची प्रत्येक गोष्टीला हरकत असायची. झाडूला हरकत. बादली रोजच्या जागेपासून वीतभर सरकली तर हरकत. पाठीवर माशी बसली तर तिला हरकत होतीच, पण ती उडून गेली तरी हरकत.

वीस वर्षं मी त्याच तबेल्यातल्या शिकवणीच्या घोड्यांवर बसत आले होते. बिचारे इतके शहाणे, की वर कोण बसलंय हेही न बघता रिंगणाला ठरलेल्या फेऱ्या मारून परत यायचे. मला मरायच्या आत एकदा तरी स्वतःच्या घोड्यावरून स्पर्धेत उड्या मारायच्या होत्या. मोठ्या नाही, गुडघ्याच्या जरा वर एवढ्या. हौशी लोकांसाठी तशा स्पर्धा असतात: आधी ठरलेल्या चाली करून दाखवायच्या, मग रंगीत दांड्यांवरून उड्या. घरचे म्हणाले, "या वयात?" घरचे म्हणजे मामा.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना राहतो म्हणून आला त्याला दोन वर्षं झाली. वय चौऱ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि जीभ त्याच्या दुप्पट लांब. जन्म सगळा रेसकोर्सवर गेला. तीस वर्षं गेटवर होता. गेट म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीचे ते लोखंडी कप्पे. आत जायला तयार नसलेल्या घोड्यांना पार्श्वभागाला खांदा लावून आत ढकलणं हे त्याचं काम. त्याआधी काय करायचास असं विचारलं की मिठाची गुळणी धरून बसायचा. आणि मी घोडा घेतल्यावर मला वाटलं होतं की उडी मारून तबेल्यात येईल, तर गडी एकदाही फिरकला नाही.

"रेसचा घोडा आणि रंगीत काठ्या," तो म्हणाला. "उद्या त्याला विणकाम पण शिकव."

सुरुवातीचे दिवस माझी वरात निघाली. कुणी पाठीवर चढताना स्वस्थ उभं राहायचं असतं, हे वकिलाला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. रेसमध्ये घोडा चालता ठेवतात आणि जॉकीला पायाला हात देऊन वर फेकतात. मी आपली लाकडी पायरीवर चढून रिकिबीत पाय घालायची, आणि तेवढ्यात वकीलसाहेब तीन पावलं पुढे. मी पायरी उचलून पुन्हा त्याच्याजवळ नेणार, तो पुन्हा पुढे. अशा रीतीने आम्ही एकदा अख्खं अंगण पार केलं. शेवटी पायरीपाशी उभं राहिलं की गाजर, हलला की काही नाही, असा करार झाला आणि नऊ दिवसांत त्याने तो पाळला. म्हणजे घोडा हुशार होता. मठ्ठ कोण होतं ते पुढे कळलं.

तिसऱ्या आठवड्यात मागच्या माळावर तो पहिल्यांदा उधळला. दुडकी चाल चालली होती, मला वेग जास्त वाटला म्हणून मी लगाम ओढला. त्याने मान ताणली आणि वेग वाढवला. मी आणखी ओढला, त्याने आणखी वाढवला. मग मी जीव खाऊन ओढला, आणि तो चौखूर सुटला. समोर कुंपणाची भिंत आली म्हणून थांबला, नाहीतर आम्ही थेट दुसऱ्या गावी पोहोचलो असतो. खाली उतरल्यावर मी त्याच्याच पायाला टेकून बसले. त्याचीही छाती भात्यासारखी चालली होती, आणि तो माझ्याकडे मोठ्या समाधानाने बघत होता. आपण काम चोख केलं, अशी त्याची समजूत दिसत होती.

दुसऱ्यांदा तो रिंगणात उधळला. कुणीतरी कठड्यापाशी छत्री उघडली. मी घाबरून हात आवळले आणि पुढचं सगळं तसंच झालं, फक्त या वेळी रिंगणात दोन लहान मुलं तट्टांवर बसून शिकत होती. कुणाला लागलं नाही. पण मालकीणबाई दारातच उभ्या होत्या.

मालकीणबाई पस्तिशीच्या, माझ्याहून लहान, पण तबेल्यात त्यांचा शब्द शेवटचा. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई, दोनदा झालं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे चाळीस मुलं शिकतात. तिसऱ्यांदा उधळला तर हा घोडा इथे राहणार नाही. दुसरं कुणी ठेवून घेणार नाही, हेही तुम्हाला माहितीये. असले घोडे नेणारा एक व्यापारी आहे, त्याला फोन करावा लागेल."

"तो कुठे नेतो त्यांना?"

"मी विचारत नाही," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्या नजरेला नजर द्यायचं टाळलं. "अकरा आठवड्यांनी स्पर्धा आहे. तुम्ही नाव दिलंयच. तिथे गर्दीत नीट वागून दाखवलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

घरी आले तेव्हा माझ्या दोन्ही तळहातांची सालटं निघाली होती. दुपारची वेळ, मामा जेवणाच्या टेबलाशी पेपरातलं कोडं सोडवत होता. मी चहाचा कप उचलायला गेले आणि कळवळले. त्याने चष्म्यावरून बघितलं.

"दाखव हात."

"काही नाही रे."

"दाखव म्हणतो ना."

त्याने माझे हात उलटे करून उजेडात धरले, मी लोकांचे ठसे धरते तसे. "ओढलास," तो म्हणाला.

"मग काय करू? अर्ज पाठवू त्याला थांबण्यासाठी? पुन्हा उधळला तर मालकीणबाई व्यापाऱ्याला फोन करणारेत, त्याला न्यायला."

"अगं बाई, तू ओढतेस म्हणून तो पळतो! जॉकी लगाम कशाला आवळतो? घोड्याला टेकायला काहीतरी द्यायला. हात घट्ट झाले की घोडा तोंडातल्या कडीवर भार टाकतो आणि सुटतो. लहानपणापासून हेच शिकवलंय त्याला. तू वरून ओरडतेयस थांब, आणि हात सांगतायत पळ. तो बिचारा हातांचं ऐकतो. तोंडाचं ऐकणारा घोडा मी तरी बघितला नाही."

मला असा राग आला! घोडा घेतल्यापासून हा माणूस माझ्या घरात बसून कोडी सोडवत होता आणि एवढी एक गोष्ट त्याने सांगितली नव्हती.

"मग थांबवतात कसं?" मी विचारलं.

मामाने पेपराची घडी घातली. ती पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"हात सोडतात," तो म्हणाला. "शर्यत संपते तो शेवटचा खांब गेला की जॉकी रिकिबीत उभा राहतो आणि हात खाली सोडतो. लगाम सैल. घोड्याला कळतं, संपलं. आपोआप वेग उतरतो." मग खिडकीकडे बघत म्हणाला, "खांबाच्या आधी सोडले तरी उतरतो."

"म्हणजे?"

"म्हणजे मी सोडले होते."

आणि मग माझ्या मामाने, ज्याची जीभ घरात एक मिनिट स्वस्थ बसत नाही, शब्द वेचून वेचून सांगितलं. बावीस वर्षांचा होता. जॉकी होता. मला हे माहीतच नव्हतं; आईलाही त्याने शपथ घातली होती. मोठ्या शर्यतीत तो पाच घोड्यांच्या लांबीइतका पुढे होता, मागे कुणी नाही असं त्याला वाटलं, खांब वीस पावलांवर होता. त्याने उभं राहून हात सोडले. लोकांना दाखवायला, की बघा, मी किती सहज जिंकतो. घोडी आज्ञाधारक. तिने वेग उतरवला. आतल्या बाजूने दुसरा घोडा आला आणि नाकभर पुढे निघाला.

"खांबाआधी हात सोडणं हा आमच्यात गुन्हा आहे," तो म्हणाला. "सहा महिने बंदी घातली. सहा महिन्यांनी परत गेलो तर कुणी बसायला घोडा देईना. गेटवर माणूस हवा होता. म्हटलं, बरंय, निदान घोड्यांच्या जवळ राहीन. तिथे नव्याने आलेल्यांना सांगायचो, गुडघा दुखावला म्हणून बसणं सोडलं. पुढे गुडघा खरंच गेला."

मी बाहीने डोळे पुसले. तो लगेच म्हणाला, "रडू नकोस, कोडं भिजेल. तो फोन कधी करणारेत म्हणालीस? व्यापाऱ्याला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा तबेल्यात आला. अंगात जुनं जाकीट, हातात काठी. वकिलासमोर उभा राहून त्याने त्याला खालून वर बघितलं, वकिलानेही त्याला वरून खाली बघितलं. मग मामाने त्याच्या कानामागे कुठेतरी दोन बोटं दाबली आणि आमचे हरकतपटू खालचा ओठ लोंबकळत सोडून उभे राहिले. मला मत्सर वाटला हे कबूल करते.

मामाने खिशातून माझ्याच शिवणाच्या डब्यातलं दोऱ्याचं रीळ काढलं. लगाम कडीपासून सोडवला आणि एकेरी दोऱ्याने पुन्हा बांधला. काही झालंच तर हाताशी असावा म्हणून दुसरा, खरा लगाम मानेवर नुसता टाकून ठेवला.

"चल. ओढलंस की तुटेल."

"आणि तो पळाला तर?"

"तू ओढलं नाहीस तर का पळेल? आणि पळालाच तर रिकिबीत उभी राहा, हात खाली, श्वास बाहेर सोड. शर्यत संपली असं त्याला सांग."

पहिल्या दिवशी दोरा एकवीस वेळा तुटला. दर वेळी मामा लंगडत रिंगणाच्या मधोमध येई, दोरा बांधी, आणि आकडा मोठ्याने म्हणून दाखवी. कठड्यापाशी उभ्या असलेल्या आयांना फुकटची करमणूक झाली. दुसऱ्या दिवशी सतरा. चौथ्या दिवशी मी चिडून म्हटलं, "माझ्या हातात दुसरं काही येतच नाही. पकडणं हेच माझं काम आहे."

"खोटं," मामा म्हणाला. "ते मेणाचे दात तू कसे धरतेस? मी दारातून बघतो ना. श्वास लागला तरी वाकडे होतील असे असतात. धर तसे."

मी मेणाचे दात धरले. म्हणजे तसं मनाशी म्हटलं. त्या दिवशी दोरा चारदाच तुटला. पाचव्या आठवड्यात एक रीळ पंधरा दिवस पुरू लागलं, आणि वकील माझ्या हाताखाली मान लांब करून असा चालायला लागला की मला बघवेना. इतके दिवस हा एवढा चांगला घोडा होता आणि मी त्याच्या तोंडाशी भांडत बसले होते. दुडक्या चालीत तो आपणहून नाकातून फुरफुर करायचा. मामा म्हणायचा, हे घोड्याचं गुणगुणणं.

मग उड्या. आधी जमिनीवर ठेवलेला एकच दांडा. वकिलाने त्याची हरकत नोंदवली, थांबून वास घेतला आणि त्यावरून अशी उडी मारली, की जणू खाली नदी असावी. मी मानेवर. मामा कठड्याला धरून हसत होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आठवडाभराने तो दांड्यावरून शहाण्यासारखा चालू लागला, मग घोट्याएवढी उडी, मग गुडघ्याएवढी. एकदा उडीचा नाद लागल्यावर कान पुढे करून स्वतःच दांडे शोधायचा.

त्याला ज्या ज्या गोष्टीची भीती वाटेल तिची आम्ही यादी केली आणि एकेक करून खोडत गेलो. छत्री, बाबागाडी, फडफडणारे झेंडे, टाळ्या, कुत्रं. लाउडस्पीकरसाठी मामाने रेडिओ बादलीत ठेवून बातम्या मोठ्याने लावल्या. मी स्पर्धा वीस वर्षं पाहत होते, मामा शर्यती पन्नास वर्षं. आमच्या दोघांच्या यादीतून काही सुटणं शक्यच नाही, अशी आम्हा दोघांचीही पक्की खात्री होती. मालकीणबाई अधूनमधून दारात येऊन उभ्या राहायच्या आणि निघून जायच्या. त्यांच्या हातातल्या फोनकडे माझं लक्ष जायचं.

स्पर्धेच्या दिवशी ऊन चांगलं होतं. मैदानावर साठेक घोडे, गाड्या, खुर्च्या टाकून बसलेली माणसं. वकिलाने सगळ्याकडे बघितलं आणि मामाच्या खिशात नाक घातलं. पहिला टप्पा चालींचा. परीक्षक गाडीत बसले होते. त्यांनी हॉर्न वाजवला की रिंगणात शिरायचं. हॉर्न वाजला, आम्ही शिरलो, आम्ही वर्तुळं काढली, एक जरा अंड्यासारखं झालं, आणि नमस्कार करून बाहेर आलो. सोळांत आमचा नववा नंबर. मला तर आकाश ठेंगणं झालं.

"मान सैल होती," मामा म्हणाला. यापेक्षा मोठं कौतुक त्याला येत नाही.

दुपारी उड्या. आमचा नंबर पुकारला. मी रिंगणात शिरले, लगाम मेणाच्या दातांसारखा. नऊ अडथळे, लाल-पांढरे, निळे-पिवळे. मामा कठड्यापाशी होता, त्याच्या शेजारी मालकीणबाई. उड्यांच्या स्पर्धेत रीत अशी, की तुम्ही आत फिरत राहायचं. परीक्षक घंटा वाजवतात. घंटेनंतर पंचेचाळीस सेकंदांत सुरुवातीच्या झेंड्यांमधून पुढे निघायचं. हे मी इतक्यांदा पाहिलं होतं की मला ते आता ऐकूही येत नव्हतं.

घंटा वाजली.

वकील जागच्या जागी थिजला. माझ्याखाली त्याचा मागचा भाग वीतभर खाली बसला, आणि त्या एका क्षणात मला समजलं. शर्यतीच्या गेटची दारं उघडतात तेव्हा घंटा वाजते. मामाने ती तीस वर्षं रोज ऐकली होती, म्हणून ती त्याच्या लक्षात राहिली नव्हती. मी स्पर्धेतली घंटा वीस वर्षं ऐकली होती, म्हणून ती माझ्या लक्षात नव्हती. दोन शहाण्यांनी मिळून छत्रीपासून कुत्र्यापर्यंत सगळं लिहिलं होतं आणि घंटा राहून गेली होती.

तो सुटला. तोपर्यंत तो माझ्यासोबत खऱ्या अर्थाने कधी पळालाच नव्हता, ते मला आत्ता कळलं. सुदैवाने तोंड झेंड्यांच्या उलट दिशेला होतं, नाहीतर उधळलेल्या अवस्थेतच आमची फेरी सुरू झाली असती. वारा कानांत भरला, एक निळा अडथळा शेजारून सर्रकन गेला, समोर कठडा, कठड्यापलीकडे खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, आणि ती उठायला लागली होती. आणि माझे हात बंद झाले. मी नाही केले, ते झाले. सव्वीस वर्षांची सवय. त्याने कडीवर भार टाकला आणि आणखी वेग घेतला.

मी घाबरले होते. इतकी घाबरले होते की पुढचं मी केलं हे मला आजही खरं वाटत नाही. पळत्या घोड्यावर, कठडा समोर असताना, हातातली एकमेव गोष्ट सोडून द्यायची. सगळं अंग नाही म्हणत होतं. मला मामा दिसला नाही, ऐकूही आला नाही. फक्त आठवलं, की तो बावीस वर्षांचा होता आणि त्याने हे नको तिथे केलं होतं. आता ते हवं होतं.

मी रिकिबीत उभी राहिले. बोटं उघडली. हात त्याच्या मानेवर खाली सोडले आणि श्वास बाहेर टाकला.

एक ढांग. दोन. काही झालं नाही. तिसऱ्या ढांगेला त्याचा एक कान मागे वळला, माझ्याकडे. चौथ्याला त्याची पाठ माझ्याखाली मऊ झाली. मग दुडकी, मग चाल, आणि कठड्यापासून दोन हातांवर वकील उभा राहिला आणि त्याने नाकातून लांब फुर्र केलं. समोरच्या बाईंच्या हातातला चहा त्याने हुंगला.

"वेळ चालू आहे," लाउडस्पीकर म्हणाला.

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम. मी त्याला वळवलं, सैल हातांनीच, आणि दुडकीवर झेंड्यांकडे नेलं. त्रेचाळीस सेकंद झाले होते, असं मला नंतर सांगण्यात आलं. पहिली उडी त्याने गरजेपेक्षा हातभर उंच मारली. दुसरी, तिसरी नीट. चौथ्याला मागचा पाय लागून दांडा पडला. सातव्याला त्याने इतक्या लांबून झेप घेतली की माझी एक रिकीब सुटली, आणि आठवा व नववा अडथळा मी एका पायावर आणि देवाच्या भरवशावर पार केले. शेवटच्या झेंड्यांतून गेल्यावर मी उभी राहून हात सोडले. या वेळी बरोबर जागी. तो थांबला.

नंबर बाराव्यापर्यंत घसरला. त्याचं मला काही नव्हतं. मी बघत होते मालकीणबाईंकडे, कारण त्या सरळ आमच्याकडे येत होत्या आणि त्यांच्या हातात फोन होता. मामा त्यांच्यामागून लंगडत येत होता. त्याची टोपी पार चुरगळली होती.

"ताई, हे तिसऱ्यांदा," मालकीणबाई म्हणाल्या.

मी वकिलाच्या मानेवर हात ठेवला. "मॅडम, तो—"

"थांबा. बोलू द्या मला." त्यांनी फोन खिशात टाकला. "मी पंधरा वर्षं घोडेस्वारी शिकवतेय. उधळलेला घोडा कुणी हात सोडून थांबवलेला मी पाहिला नव्हता. उधळला तो थांबत नाही, म्हणून मी त्याला उधळला म्हणते. हा थांबला. मी हे तिसरं धरणार नाही. पण हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

मी मामाकडे बघितलं. आता तो काय सांगेल ते मला माहीत होतं. गेटवर होतो, असंच ऐकून ऐकून शिकलो. पन्नास वर्षं तो तेच सांगत आला होता. मीही तेच सांगायला तोंड उघडलं, त्याचं झाकलेलं झाकलेलंच राहावं म्हणून.

"मी," मामा म्हणाला. त्याने चुरगळलेली टोपी डोक्यावर नीट बसवली. "मी जॉकी होतो. मोठ्या शर्यतीत खांबाआधी हात सोडले आणि हरलो. आख्ख्या मैदानाने पाहिलं. तेव्हापासून त्या बाबतीत माझ्याएवढा जाणकार कुणी नाही."

मालकीणबाईंनी वकिलाच्या सैल लगामाकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "माझ्या मोठ्या मुलांना दाखवाल का, रविवारी? नुसतं हात कसे सोडायचे ते?"

मामाने मान डोलावली. त्याला बोलता येईना. माझ्या मामाला! मी वकिलाच्या आयाळीत तोंड लपवलं, कारण कोडं भिजू नये अशी आता कुठलीच काळजी नव्हती.

रविवारी सकाळी मामा माझ्याआधी तयार होऊन दारात उभा होता. एका हातात गाजरांची पिशवी, दुसऱ्या हातात शाळेत असते तशी मुठीची पितळी घंटा. ती कुठून पैदा केली हे त्याने अजून सांगितलेलं नाही. रिंगणात सहा-सात मुलं कठड्यावर बसली होती. मी वकिलावर, लगाम त्याच्या मानेवर नुसता टाकलेला, माझे हात मांड्यांवर.

"नीट बघा रे," मामा मुलांना म्हणाला. "आणि पुढच्या वर्षी आम्हाला रानातल्या उड्यांच्या स्पर्धेत उतरायचंय, तिथे हा कशाकशाला घाबरेल त्याची यादी आपण सगळे मिळून करायची. या बाईवर आणि माझ्यावर सोडलंत तर काहीतरी राहून जाईल."

त्याने घंटा वाजवली. वकिलाच्या अंगातून एक शिरशिरी गेली. मी श्वास सोडला. मामाने गाजर दिलं. पुन्हा घंटा, पुन्हा शिरशिरी, जरा लहान, पुन्हा गाजर. मुलं मोजत होती. अकराव्या घंटेला वकिलाने मान वळवून मामाच्या पिशवीकडे बघितलं, आणि बाराव्या घंटेला त्याने कसलीही हरकत घेतली नाही.